राहून गेलेलं ‘येतो’

मी खोटं बोलत नाही. हा काही मोठा गुण नव्हे, खोडच आहे, आणि तिच्यापायी मी माणसंही तोडली आहेत. शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते. तिथेही मला फटकळ म्हणतात. पण एक फायदा असतो, आपण शब्द दिला की समोरचा निर्धास्त होतो. म्हणून आईला जेव्हा मी सांगितलं, की बाबांच्या कॉम्प्युटरमधली जुनी सिस्टीम काढून नवी टाकली तरी तुझ्यासाठी काहीही बदलणार नाही, तेव्हा तिने एकही प्रश्न विचारला नाही.

बाबांना निवृत्तीनंतर कॉम्प्युटरचा नाद लागला. आईची नजर तोवर काचबिंदूने गेल्यात जमा होती. उजेड कळायचा, माणूस कळायचा नाही. पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत ती हाताने चाचपत बिनचूक वावरायची, पण कॉम्प्युटरच्या आवाजांना मात्र बिचकायची. मधूनच टिंग, मधूनच ठण्ण. "घरात कोण बोलतंय तेच कळत नाही बाई," म्हणायची. बाबांनी त्यावर गुपचूप उपाय केला. सिस्टीमचे ठरलेले आवाज काढले आणि त्यांच्या जागी स्वतःचे भरले. कॉम्प्युटर सुरू झाला की, "आलो गं." काही चुकलं की, "अगं, दमानं." पेन ड्राइव्ह लावला की, "कोण आलंय बघ गं." काढला की, "गेले का गं?" आणि बंद करताना, "येतो गं." जातो म्हणायची त्यांची बिशाद नव्हती, आईने उंबऱ्यावरून परत बोलावलं असतं.

आई सुरुवातीला हसली. मग तिला त्याची सवय झाली, आणि मग बाबा गेले.

दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवेना. कावळे होते, भिंतीवर ओळीने बसले होते, पण पिंडाकडे ढुंकून बघेनात. पिंड ठेवणारा माझा चुलतभाऊ हात जोडून सांगत होता, काकूंना अंतर देणार नाही, घर विकणार नाही. ऊन वर चढलं. गुरुजी म्हणाले, आणखी थोडं थांबू, नाहीतर दर्भाचा कावळा करू. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तरी मी पुढे झाले आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "बाबा, आईला तुमचा आवाज रोज ऐकू येईल. कॉम्प्युटर बंद पडू देणार नाही." कावळा खाली उतरला आणि शिवला. चुलतभाऊ माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, योगायोग.

त्यानंतर आईचा रोजचा नेम ठरला. सकाळी अंघोळ झाली की चाचपत जाऊन ती बटण दाबायची. "आलो गं," बाबा म्हणायचे. "या," आई म्हणायची, आणि स्वयंपाकाला लागायची. दिवसभर तो कॉम्प्युटर नुसता चालू. कधी ती मुद्दाम उलटंसुलटं बटण दाबायची, "अगं, दमानं" ऐकायला. दिवेलागणीला देवापाशी दिवा लावून पुन्हा बटण. "येतो गं." "या." मी राहते दुसरीकडे, रविवारी आईकडे जाते. पहिल्या वर्षी हे ऐकलं की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. दुसऱ्या वर्षी मी ते ऐकत ऐकत भाजी निवडायला लागले. माणसाला सगळ्याची सवय होते.

पण मशीन जुनं, सिस्टीम त्याहून जुनी. तिला कंपनीने कधीच वाऱ्यावर सोडलं होतं. सुरू व्हायला पाच मिनिटं लागायची, मग दहा. एका रविवारी मी गेले तेव्हा आई दारातच उभी होती. "त्यांना दम लागतोय गं," ती म्हणाली. मी आत जाऊन मशीन सुरू केलं. खरंच, आवाज तुटत होता. आ, आ, आलो, आणि गं यायला मध्ये एवढा वेळ, की मी श्वास धरून उभी राहिले. जिना चढून आलेल्या माणसासारखं वाटत होतं. मला मशीनचं दुखणं कळत होतं. आईला काय समजावणार?

त्याच सुमाराला मी स्वतःच्या लॅपटॉपवर एक नवी सिस्टीम घेतली होती. फुकट, सगळ्यांना खुली, जुन्यापुराण्या मशीनवरही वाऱ्यासारखी पळणारी. मी तिची इतकी भक्त झाले होते, की स्टाफरूममध्ये मी तोंड उघडलं की बायका डबे उचलून लांब जाऊन बसायच्या. मला खरोखर वाटायचं, हिच्यात सगळं आहे. जुनं ते सगळं जसंच्या तसं राहणार, फक्त दुखणं जाणार. नव्या घरात सामान हलवावं तसं एकेक वस्तू उचलून ठेवायची, की झालं. आईला म्हटलं, "बाबांचा आवाज पुन्हा खणखणीत होईल बघ. तरणाताठा." आई खूष झाली. म्हणाली, "मग कर बाई लवकर."

बाबांच्या सगळ्या फाइली मी आधी उतरवून घेतल्या. त्यात ‘आवाज’ नावाचा एक फोल्डर होता. तो बघूनच मी निश्चिंत झाले. उघडून बघायचं मात्र मला सुचलं नाही.

एका दुपारी नवी सिस्टीम भरलेला पेन ड्राइव्ह घेऊन बसले. आई आत ताक घुसळत होती. मी पेन ड्राइव्ह लावला. बराच वेळ काही झालं नाही. मग बाबा अडखळत म्हणाले, "कोण, कोण आलंय बघ गं."

"कोण आलंय?" आईने आतून विचारलं.

"कुणी नाही गं, मीच आहे."

तेवढ्यात मशीन अडकलं. बाण हलेना, काही उघडेना. मी मुळातच उतावळी. बटण दाबून धरलं, पाच सेकंद, सहा सेकंद. स्क्रीन काळी झाली. घुसळण थांबली. आई दारात येऊन उभी राहिली, हाताला ताक लागलेलं.

"न सांगताच गेले?" तिने विचारलं.

"येतील अर्ध्या तासात," मी म्हटलं.

नवी सिस्टीम झरझर चढली. स्क्रीन लख्ख, सगळं चकचकीत. मी तो फोल्डर उघडला. आत एकच फाइल होती, बारा सेकंदांची. लावली. पंख्याची घरघर, मग बाबांचं घसा खाकरणं, आणि लांबून, स्वयंपाकघरातून, आईचा आवाज, "कोणाशी बोलताय हो?" तिथेच संपलं. ती फसलेली पहिली खेप होती. खरे पाचही आवाज त्यांनी सिस्टीमच्या पोटात, तिच्या स्वतःच्या आवाजांच्या जागी नेऊन ठेवले होते, आणि ते पोट मी माझ्या हाताने कोरं केलं होतं. कोरं करण्याआधी कुठे कुठे बघायचं हे मी पोरांना पहिल्याच महिन्यात शिकवते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला स्वतःचा इतका राग आला, की टेबलावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

आई माझ्यामागेच उभी होती. स्वतःचाच जुना प्रश्न तिने ऐकला. मी रडत रडत तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मला वाटलं, ती मोडून पडेल. दिवेलागण झाली, तिने दिवा लावला. मी मशीन बंद करायला उठले.

"राहू दे," आई म्हणाली. "ते येतो म्हणालेच नाहीत ना. म्हणजे घरातच आहेत."

मला वाटलं, दोन दिवसांत उतरेल हे डोक्यातून. उतरलं नाही. तिने मशीनच्या बटणावर चिकटपट्टी लावली. पुढच्या रविवारी मी दार वाजवलं तर ओठांवर बोट ठेवूनच तिने उघडलं. "हळू. आत्ताच डोळा लागलाय." जेवताना ती माझ्याशी बोलता बोलता थांबायची, खोलीकडे कान द्यायची, मान हलवायची आणि पुन्हा माझ्याशी बोलायला लागायची. बाबांची वेताची खुर्ची टेबलापाशी होती, तिच्यावर एकदा मी टेकले. आई पलीकडे भांडी लावत होती, तिला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. "दुसरीकडे बस बाळ," ती तिथूनच म्हणाली. मी उठले. उठल्यावर खुर्ची करकरली, एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा. वेत आहे, उन्हाने करकरतो. पण त्या खोलीत जाताना मी घसा खाकरून जायला लागले, हे खरं आहे, आणि मला त्याची भीती वाटते.

भीती याची जास्त, की आई सुखात होती. अंगाने भरली होती. भाकरी थापताना गुणगुणायची. एकदा माझ्या केसांना तेल लावताना म्हणाली, "आधी रोज संध्याकाळी जायचे गं. रात्र खायला उठायची. आता जात नाहीत. बरं केलंस हो तू." माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तिची बोटं माझ्या डोक्यावर होती, तिला तो कळला असणारच. ती तेल चोळत राहिली.

मी इकडे स्वस्थ बसले नव्हते. त्याच रात्री, आई झोपल्यावर, मशीनमधली डिस्क काढून दुसरी बसवली होती, मशीन पुन्हा चालू करून ठेवलं होतं आणि ती जुनी डिस्क पुसलेला डेटा काढून देणाऱ्या एका माणसाकडे दिली होती. श्रावण संपता संपता त्याचा फोन आला. वरून नवं लिहिलं गेलंय, तो म्हणाला, बाकी भुगा आहे, एकच फाइल धड निघाली. मी ती माझ्या फोनवर घेतली आणि त्याच्या दुकानाबाहेर स्कूटरवर बसून ऐकली.

"येतो गं."

पाचांतून नेमकी तीच. मी स्कूटरवर बसून हमसून हमसून रडले. दुसऱ्या कुठल्याही आवाजासाठी मी तशीच पंचवटीत धावत गेले असते. हा नेऊन आईला ऐकवला असता, तर शब्द पाळल्यासारखं झालं असतं, आणि बाबा निघून गेले असते. मी फोन पर्समध्ये टाकला आणि घरी आले. आईला सांगितलं नाही. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी मी माझी समजूत घातली.

पितृपक्षात बाबांची तिथी आली. आदल्या वर्षी पान ठेवून मागे वळायच्या आत कावळा आला होता. या वर्षी मी भात, वडे, खीर, आमसुलाची चटणी असं पान वाढून गच्चीवर नेलं. आसपासच्या गच्च्यांवर काव काव चालली होती, लोक पानं ठेवून खाली जातही होते. आमच्या कठड्यावर चार कावळे बसले होते आणि पानाकडे बघतही नव्हते. अर्धा तास गेला, एक तास गेला. भातावर माशा बसायला लागल्या.

मी जिन्यातून खाली वाकून म्हटलं, "आई, शिवत नाहीये गं."

"कसा शिवेल?" आई खालून म्हणाली, अगदी सहज. "ते खाली आहेत."

असल्या गोष्टींवर विश्वास नसलेली मी, भर दुपारी, लोकांच्या गच्च्यांमध्ये उभी होते आणि मला वाटत होतं, मी एका माणसाला दार बाहेरून लावून कोंडून ठेवलं आहे. न जेवता. कावळे माझ्याकडे बघत होते. मी हात जोडले, "बाबा, चुकलं माझं," म्हटलं. काही झालं नाही. मग मी फोन काढला, आवाज अगदी बारीक केला, पानाशी धरला आणि ती फाइल लावली.

"येतो गं."

कठड्याच्या टोकाचा कावळा उतरला. माझ्या हाताजवळून त्याने वडा उचलला आणि गोदेच्या बाजूला उडून गेला.

मागे पाऊल वाजलं. आई कधी नव्हे ती भिंतीला धरून जिना चढून आली होती. शेवटच्या पायरीवर उभी होती, तोंड माझ्याकडे नाही, पानाकडे.

"गेले का गं?" तिने विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं. "कावळा शिवलाच नाही." एवढ्या वर्षांत बोललेलं माझं ते पहिलं धडधडीत खोटं. आवाजही हलला नाही.

"आण ते पान इकडे," ती म्हणाली.

मी पान तिच्या हातात दिलं. ती सगळं बोटांनीच बघते. तिने भात बघितला, खिरीचा द्रोण बघितला, चटणी बघितली. वड्यांच्या जागी बोटं आली आणि थांबली. दोन वाढले होते, मीच तिच्यासमोर मोजून. ती तिथे बोटं ठेवून खूप वेळ उभी राहिली.

मग पदर डोक्यावर घेतला आणि हळूच म्हणाली, "या."