ड्रम वाजवून पाहणाऱ्या पुष्पाबाई

पुष्पाबाई,

तुमचा आजचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र टपालात न टाकता छापायला देते आहे. वाचणाऱ्यांना तुमची काहीच माहिती नाही, तेव्हा तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही मला पहिल्यापासून सांगाव्या लागतील. "मॅडम, हे मला कशाला सांगता?" असं मध्येच म्हणायचं नाही.

तुम्ही पुष्पावती साळवे. माहेर, सासर दोन्ही जामखेडकडचं. बहात्तरच्या दुष्काळात नवऱ्याबरोबर नगरला आलात आणि खडी फोडलीत. नवरा गेल्यावर पदरातल्या भारतीला घेऊन बोल्हेगावात एक खोली केलीत आणि नागापूरच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्यात झाडायला लागलात. तिथे ट्रकच्या चाकांचे ब्रेकड्रम ओतत. घमेल्याएवढे, बिडाचे, उचलताना कंबर धरेल असे. मी तिथे लेबर वेल्फेअर ऑफिसर होते. म्हणजे कँटीनच्या पोह्यांपासून कामगारांच्या घरच्या भांडणांपर्यंत सगळं माझ्या टेबलावर यायचं.

झाडूवालीची तुम्ही तपासनीस कशा झालात, ते मला सूर्यभान मिस्त्रींनी सांगितलं. झाडताना तुमच्या खराट्याचा दांडा एका ड्रमला लागला आणि तुम्ही थबकलात.

"मिस्त्री, ह्यो फुटकाय."

"तू झाड गं. फुटका म्हणे!"

"मग ठेवा. तुमचंच नाव जाईल."

मिस्त्री हसले, पण माणूस कामाचा पक्का. त्यांनी ड्रमला रॉकेल लावलं, पुसला, वर खडू फासला. केसाएवढी रेघ उमटली. मग त्यांनी तुमच्यापुढे दहा ड्रम मांडले. तुम्ही त्यातले तीन बाजूला काढलेत आणि तिन्हींत तडे निघाले. पुढच्या महिन्यात शेडच्या मागच्या अंगाला तुम्हाला एक खोली मिळाली. भिंतींना गोणपाट ठोकलेलं, मधोमध साखळीला आकडा. आकड्याला ड्रम टांगायचा आणि छोट्या हातोडीने वाजवायचा. खणखणीत वाजला तर पुढे, बद्द वाजला तर परत भट्टीत.

त्या खोलीत चौदा वर्षं तुम्ही एकट्या होतात. आवाज ऐकायचा म्हणून दार बंद, आणि दाराबाहेर 'आत बोलू नये' अशी पाटी. भाकरीही तुम्ही आतच खायचात. मी एकदा कँटीनमध्ये या म्हटलं, तर म्हणालात, "तितल्या गलक्यानं कान बधिर हुत्यात. मग दुपारच्याला चुकायला हुतं." मला ते तेव्हा पटलं. पूर्वी कँटीनमध्ये तुमचा पाण्याचा ग्लास सगळ्यांपासून वेगळा कुठे ठेवला जायचा, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही तक्रार केली नाहीत आणि मीही विचारलं नाही. विचारणं हेच माझं काम होतं.

पण तुम्ही मुक्या नव्हतात. बन्सी ट्रॉली ढकलत यायचा आणि दारातून ओरडायचा, "काय पुष्पाबाई, बुद्धाच्या घरी घंटा कशी काय?"

"तुजं डोकं आन हिकडं, टांगते. बघू दे वाजतंय कसं."

बन्सी दिवसभर ते सगळ्यांना सांगत फिरायचा.

चौऱ्याण्णव साली बाहेरदेशाची ऑर्डर आली आणि तिच्यामागून गुणवत्तेच्या सर्टिफिकेटचं आयएसओ आलं. प्रत्येक काम कागदावर हवं, असा त्यांचा नियम. कोण करतो यापेक्षा कसं करतो ते लिहा, म्हणजे उद्या माणूस बदलला तरी माल बदलणार नाही. त्यातला 'माणूस बदलला तरी' हा भाग मी नीट वाचायला हवा होता. कॉलेजात शिकलेली बाई मी, पण उत्साह नडला. तुमचं काम तुम्हाला लिहिता येत नाही म्हणून वर्क्स मॅनेजरांनी मला धाडलं. तीन दिवस मी तुमच्या खोलीत वही घेऊन बसले.

"कसं ओळखता?"

"वाजतंय की."

"तसं नाही. मला लिहायचंय."

"मडकं घेताना तुमी वाजवून न्हाई का घेत?"

"आमच्याकडे फ्रीज आहे."

"मग आता तुमाला कसं सांगावं!"

सांगितलंत मात्र सगळं. एक टोला काठावर, एक पोटावर, एक बुडाशी. टोला झाला की हातोडी लांब धरायची. आवाज विरताना मागे काय राहतं तिकडे कान ठेवायचा. मी घड्याळ लावून सेकंद मोजले. आणि एक गोष्ट तुम्ही बजावून बजावून सांगितलीत. थोडासाही गरम ड्रम वाजवायचा नाही. भट्टीकडून आलेला ड्रम लबाड असतो, तडा पोटात लपवून खणखणीत वाजतो. पुरता गार होऊ द्यायचा, उलटा तळहात टेकवून बघायचा, मगच आकड्याला टांगायचा.

मी लिहिलं. मॅनेजरांनी ते वाक्य खोडलं. "किती तास थांबायचं, ते ऑडिटर विचारेल. उलटा तळहात हे काय माप आहे? आणि पानही एकच हवं." मी वाद घातला नाही. इंग्रजीत टाइप झालेलं ते पान प्लास्टिकमध्ये घालून तुमच्या खोलीत भिंतीवर लागलं. तुम्ही त्याच्याकडे बघून म्हणालात, "लई ग्वाड दिसतंय. माजंच हाय ना?" मी हो म्हटलं.

कारखान्याला सर्टिफिकेट मिळालं, पेढे वाटले. वर्षाच्या आत व्हीआरएसच्या, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीच्या, यादीत तुमचं नाव होतं. तुमच्या जागी ठेकेदाराकडच्या दोन मुली येणार होत्या. कागद भिंतीवर होता, त्यांनी तो वाचायचा आणि वाजवायचं. सही घ्यायला मलाच पाठवलं. तुम्ही अंगठ्याला शाई लावून घेतलीत आणि विचारलंत, "उद्यापास्नं येऊ नको का?" कायम माणसाची नोकरी अशी संपते, यावर तुमचा विश्वास बसत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेटवर आलातच. वॉचमनने मला बोलावलं. मी तुम्हाला समजावून परत पाठवलं.

पुढच्या हिवाळ्यात परदेशातून माल परत आला. पूर्ण कंटेनर, ड्रमांना तडे. ठेकेदार मुलींना नगांवर राबवायचा, त्या भट्टीकडचे गरम ड्रमच टांगायच्या. कागदात थांबा म्हणून कुठे लिहिलं होतं? मुलींचा काय दोष! मॅनेजर मला म्हणाले, "त्या बाईला पंधरा दिवस आणा. रोजावर. पोरींना शिकवून जाऊ दे."

मी दुपारी बोल्हेगावात तुमच्या खोलीवर आले. दार उघडंच होतं. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. पुढ्यात काही काम नव्हतं, जवळ कुणी नव्हतं. मला बघून इतक्या घाईने उठलात की तांब्या कलंडला.

"मॅडम! या, बसा. च्या टाकते. कागद फाटला व्हय?"

मी सगळं सांगितलं. खोडलेलं वाक्यही सांगितलं. तुम्ही कलंडलेला तांब्या उचलून सरळ ठेवलात.

"म्हंजी मी सांगितल्यालं त्यात न्हवतंच."

"नव्हतं."

"पंधरा दिस न्हाई येनार. माजी खोली मला द्या, पयल्यासारकी कायमची. पोरी शिकीवते, दोन न्हाई, पाच शिकीवते. रानी करते त्यांना. पन मला परत त्या आकड्यापाशी हुबी ऱ्हाऊ द्या. हितं बसून बसून मला माजंच बोलनं ऐकू येईना झालंय."

"साहेबांना विचारून सांगते."

"व्हय म्हनले तर सांगा, न्हाई म्हनले तरी सांगा. भारती पुणतांब्याला बोलावतीया, बाळंतपनाला. तुमचा निरोप आल्याबिगर मी हलत न्हाई. मी गेल्यावर तुमी आलात तर?"

"शनिवारपर्यंत येते," मी म्हटलं.

मॅनेजरांनी मान वर न करता सांगितलं, "कायम? छे. तडे शोधायचं मशीन येतंय पुढच्या महिन्यात. तिला नाही म्हणून कळवा."

शनिवारी मी आले नाही. सोमवारी जाऊ म्हटलं, सोमवारी कँटीनच्या ठेकेदाराची भानगड निघाली. मग मशीन आलं, ते बसवायला परदेशी माणूस आला, त्याच्या जेवणाखाण्याची सोय माझ्याकडे. तुमची ती गोणपाटाची खोली पाडून तिथे मशीनला जागा केली. गेटपासून बोल्हेगाव चालत वीस मिनिटं. 'नाही' हा एक शब्द सांगायचा होता, म्हणजे तुम्ही पुणतांब्याची गाडी धरली असती. मार्चअखेर मी रिटायर झाले आणि मुलाकडे पुण्याला आले. तोवर मी तुमच्याकडे गेले नव्हते, पुढेही गेले नाही.