गाश्पारचा मिस्ड कॉल

ओतील्का आयर्लंडला निघाली तेव्हा तिच्या बॅगेपेक्षा तिच्या मोबाइलचीच चर्चा जास्त झाली. माझं किराणा दुकान चर्चच्या समोर, त्यामुळे ती सगळी चर्चा माझ्याच काउंटरवर.

"फोन घरी ठेव बाई," माझं रोजचं गिऱ्हाईक व्हेन्देलिन सांगत होता. "परदेशात फोन चालू केला की घरदार विकायची पाळी येते. मी भोगलंय."

त्यानं भोगलं ते स्वित्झर्लंडमध्ये, तेही स्वतःच्या बावळटपणानं. पण सांगायचा असं, जणू लढाईवरून आलाय. शेवटी ओतील्का तालुक्याला जाऊन फोनच्या दुकानातल्या पोरीलाच विचारून आली. ती पोरगी म्हणाली, "आजी, आयर्लंड युरोपीय संघातच आहे, स्वित्झर्लंडसारखं बाहेर नाही. स्लोव्हाकियात जे दर, तेच तिथे. खुशाल बोला." व्हेन्देलिनला हे सांगितलं तर तो दोन दिवस माझ्याकडे ब्रेड घ्यायला आला नाही.

आणि फोन घरी ठेवणं शक्यच नव्हतं हो. गावाची घंटा त्या फोनमध्ये होती. आधी तिचे वडील दोर ओढायचे, मग ती ओढू लागली. गुडघे बोलायला लागले तेव्हा मनोऱ्यात मोटार बसवली आणि मोटारीला सिमकार्डाची पेटी. ओतील्कानं आपल्या मोबाइलवरून फोन लावायचा. पेटी तो उचलत नाही, नुसती रिंग आली की घंटा वाजवते. उचलत नाही म्हणून पैसेही पडत नाहीत. दोन घंटा, दोन नंबर. मोठीचं नाव फ्लोरियान, ती रोज दुपारी बारा वाजता. धाकटी गाब्रिएल, ती कुणी गेलं की. बाई गेली तर दोनदा, पुरुष गेला तर तीनदा. पेटी ओळखते फक्त ओतील्काचा नंबर. फादर एकदा म्हणाले, दुसरा एखादा नंबरही घालून ठेवू या. त्यावर ओतील्कानं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी विषयच सोडला.

पण घंटेपेक्षाही तिचा जीव अडकला होता गाश्पारमध्ये. गाश्पार म्हणजे तिचा शेजारी, मध्ये एक भिंत. बायको गेलेली, मुलं जर्मनीत, छातीचं दुखणं आणि तोंड असं फटकळ की अर्ध्या गावाशी अबोला. दोन हिवाळ्यांपूर्वी खालच्या आळीतला दिओनिझ घरात मरून पडला आणि कित्येक दिवस कुणाला पत्ता नव्हता. त्याची शवपेटी उचलणाऱ्यांत गाश्पार होता. परत येताना माझ्या दुकानात बसला आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाला, "मार्गिता, माझंही असंच होणार बघ. मी मेलो तर पहिलं मांजराला कळेल."

मी ते ओतील्काला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तिनं त्याला भिंतीवरून हुकूम सोडला, "फ्लोरियान वाजला की मला मिस्ड कॉल द्यायचा. म्हणजे तू आहेस."

"आणि नाही दिला तर?"

"तर मी येऊन बघीन."

तेव्हापासून रोज बाराची घंटा झाली की ओतील्काच्या एप्रनच्या खिशात एकदा खणखणायचं. चुकून उचलला तर गाश्पार भिंतीपलीकडून ओरडायचा, "उचलू नकोस गं, पैसे जातात!"

आता लेकीला, दारिनाला, कॉर्कमध्ये बाळ झालेलं. महिनाभर तरी जायलाच हवं. निघायच्या दिवशी गाश्पार तिची बॅग बसपर्यंत घेऊन आला. "जा, जा. मी काही लगेच मरत नाही," म्हणाला. मी त्याचं तोंड पाहिलं. पार उतरलेलं होतं.

पहिल्याच दिवशी आमच्याकडे बाराची घंटा एक वाजता झाली! आयर्लंडचं घड्याळ एक तास मागे, फोननं आपणहून तिथली वेळ धरली आणि ओतील्का बसली फोनकडे बघत. शेतावरची माणसं घंटेशिवाय जेवायला यायची नाहीत, घरी बायकांनी उकडलेल्या पिठाच्या गोळ्यांचा लगदा. दुसऱ्या दिवसापासून तिनं मनगटी घड्याळ गावच्या वेळेवर ठेवलं. दारिना म्हणाली, "आई, इथलं सिमकार्ड घे, स्वस्त पडेल." ओतील्का म्हणाली, "इथल्या सिमकार्डाला आपला फ्लोरियान ओळखतो का?" हे सगळं ती मला फोनवर सांगायची, आणि शेवटी न चुकता, "गाश्पारचा मिस्ड कॉल आला हो."

सप्टेंबर लागला. मी दुकानात व्हेन्देलिनला सॉसेज कापून देत होते. बाराची घंटा होऊन बराच वेळ झाला होता. अचानक गाब्रिएल वाजला. मी सुरी खाली ठेवली. थोड्या वेळानं दुसऱ्यांदा वाजला. कोण बाई गेली, म्हणून आम्ही एकमेकांची तोंडं बघतोय, तोच तिसऱ्यांदा.

"पुरुष," व्हेन्देलिन म्हणाला आणि त्यानं टोपी काढली. "गाश्पार. आज मिस्ड कॉल आला नसणार. नाहीतर तिकडे बसून ती कशाला वाजवेल?"

इतकी माणसं आम्ही इथे, आणि त्याचं जाणं आम्हाला समुद्रापलीकडून कळावं! लाज वाटली हो, खरंच लाज वाटली. दुकान तसंच टाकून निघाले. रस्त्यावर माणसंच माणसं; गाश्पारच्या मिस्ड कॉलचं गावभर ठाऊक, सगळ्यांनी तोच हिशेब केलेला. कुणी मेणबत्ती घेतलेली, कुणी कामाच्या कपड्यांवर काळा कोट चढवलेला. सगळ्यांच्या पुढे लुद्मिला, जिच्याशी गाश्पारचं अक्रोडाच्या एका फांदीवरून सात वर्षं बोलणं नव्हतं. एका हातात मयताच्या घरी न्यायला घरात होता तो केक, दुसऱ्या हातानं डोळे पुसतेय. "फांदी तोडायला हवी होती मी," म्हणतेय, "काय अडलं होतं माझं?"

गाश्पारचं फाटक आम्ही ढकललं. अंगणात चुलीवर भली मोठी कढई, कढईत आलुबुखाराचा मुरंबा रटरटतोय, आणि टोपी छातीशी धरून, दुसऱ्या हातानं तो ढवळत गाश्पार उभा!

"बरं झालं आलात," तो म्हणाला. "घंटा ऐकली, पण हे सोडून येता येईना, खाली लागेल. कोण गेलं?"

व्हेन्देलिन म्हणाला, "तू."

"मी?" गाश्पारनं आम्हाला एकेक करून पाहिलं. मेणबत्त्या पाहिल्या, काळे कोट पाहिले, लुद्मिलाचा केक पाहिला. "आणि तुम्ही सगळे... माझ्यासाठी?"

"मग काय तुझ्या मुरंब्यासाठी?" लुद्मिला खेकसली आणि पुन्हा रडायला लागली.

"तुझा फोन कुठाय मेल्या?" मी ओरडले.

त्यानं पळीनं कढईकडे दाखवलं. सकाळी ढवळायला वाकला आणि शर्टाच्या खिशातला मोबाइल आत. कधीचा शिजत होता.

मी ओतील्काला फोन लावला. तिनं एका रिंगमध्ये उचलला, रडून आवाज बसलेला. "मार्गिता, आज त्याचा मिस्ड कॉल नाही. मीच त्याला फोन लावतेय, तीनदा लावला, उचलतच नाही गं! पळत जा, बघ जरा!"

"कोणाला लावलास?"

"गाश्पारला!"

"चष्मा घाल आणि बघ, कोणतं नाव दाबलंस."

पलीकडे चष्मा शोधल्याची खुडबुड आणि बाळाचा आवाज. मग ओतील्का हळूच म्हणाली, "अरे देवा. गाब्रिएल." गाश्पारच्या अगदी वरचं नाव. तिनं घाबरून तीनदा त्यालाच फोन लावला, आणि त्यानं त्याच्या रीतीप्रमाणे तो उचलला नव्हता.

गाश्पारनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "ओतील्का, मी आहे."

पलीकडून तिनं त्याला जे काय झापलं! मुरंबा, फोन, अक्कल, सगळं आलं त्यात. तो निमूट ऐकत होता. मग म्हणाला, "ओतील्का, ऐक. अंगणात उभं राहायला जागा नाही. लुद्मिलासुद्धा आलीय." तो रडत होता, आणि धुराचं निमित्तही त्यानं सांगितलं नाही. पळी लुद्मिलानं कधीच हातात घेतली होती.

त्या दुपारी त्याच्याच मरणाचा केक आम्ही त्याच्याच मुरंब्याबरोबर खाल्ला. फोन शिजलेला मुरंबा खाऊ नये म्हणून मी बोंबलत होते, कुणी ऐकलं नाही. घरच्या दारूची बाटलीही निघाली. व्हेन्देलिन तर दोनदा विचारून आला, परत कधी मरतोयस म्हणून.

ओतील्का परत आली ती गाश्पारसाठी नवीन मोबाइल घेऊन. आल्या आल्या तिनं फादरना सांगितलं की पेटीत मार्गिताचाही नंबर घाला, म्हणून आता माझ्याही फोनमध्ये फ्लोरियान आणि गाब्रिएल आहेत. मी त्यांची नावं पार शेवटी, गाश्पारपासून लांब ठेवलीत.

मिस्ड कॉल अजून रोज येतो. परवा मी तिच्या स्वयंपाकघरात बसले होते. बाराची घंटा झाली, एप्रनचा खिसा वाजला, आणि ओतील्कानं फोन चक्क उचलला. मी भिंतीकडे कान लावून बसले, आता हा ओरडणार.

"काय रे?" ती म्हणाली.

"काही नाही. आहे."

"बरं. जेवलास का?"

ओरडला नाही. सूप फार खारट झालं म्हणून सांगत बसला.