गोळी मी खाल्ली, बोल तिला

पोटातला जाळ मी कधी लपवला नाही. हुलसूरच्या शाळेत पोरांना पाढे म्हणायला लावून मी पोट दाबून बसायचो, हे गावाला ठाऊक होतं. लपवलं ते, त्या जाळाच्या औषधानं माझं जे केलं ते.

गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी पोटात व्रण आहे म्हणून सांगितलं आणि सिमेटिडिनच्या गोळ्या लिहिल्या. नवं औषध, पोटात आम्ल बनणंच कमी करतं, म्हणाले. खरंच होतं ते. थोड्याच दिवसांत मी पुन्हा ठेचा-भाकरी खायला लागलो. गोळी सोडू नका, असंही त्यांनी बजावलं होतं. मी सोडली नाही.

काही महिन्यांनी छाती दुखायला लागली. दोन्ही बाजूंनी मांस वर आलं, वयात येणाऱ्या पोरीसारखं. अंथरुणात मी भिंतीकडे तोंड करून झोपू लागलो. मनात आणलं तरी शरीर ऐकेना.

विहिरीवर आता मी बनियनसकट आंघोळ करायचो.

"गुरुजी, बनेन आंगावरच धुवायलाव व्हय? बायकू धूत न्हाई का?" शेजारचा अण्णा ओरडायचा. मीही हसायचो.

गोळ्या सुरू झाल्या तेव्हा लग्न नवंच होतं; आता बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात नवस बंद, गंडेदोरे बंद. सुनेला बोल लावणं तेवढं कुणी बंद केलं नव्हतं. माय तिला चुलीपाशी म्हणायची, "उन्हाळ्यापतूर वाट बघते. मग दुसरी आणते." बायको माझ्याकडे बघायची. नवरा जवळ येत नाही, एवढं बोलली असती तरी सुटली असती. मी भाकरी मोडत राहिलो.

डॉक्टर दर खेपेला सदरा वर करायचे, पोटापुरताच. एकदा त्यांच्या जागी बसलेल्या तरुण डॉक्टरनं बनियन काढायला लावलं आणि लगेच म्हणाला, "ह्या गोळीनं होतं असं कधीकधी. पुरुषाच्या हार्मोनच्या आड येते ती. बदलून देतो, उतरेल. आधी बोलायचं नाही का?"

मी बोलायचं? ज्यानं लिहून दिली त्यानं नाही? पोटाची गोळी छातीपर्यंत, संसारापर्यंत पोचते, हे मास्तरला स्वप्नात कळणार होतं का? आजही आठवलं की कानशिलं तापतात.

गोळी बदलली. हळूहळू छाती उतरली, मी कूस बदलली. पुढं मुलगी झाली. माय गल्लीभर सांगत सुटली, "सवत आणते म्हणल्यावर बघा, कशी वठणीवर आली!" मी ते ऐकत पेढे वाटले. डॉक्टरला काय म्हणून शिव्या द्यायच्या? त्यानं सांगितलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

आता मुलगी शाळेत जाते. परवा धाकट्या भावाच्या बायकोला माय तेच ऐकवू लागली, "थोरलीला इचार, सवतीच्या भ्यानं कूस कशी उघडली."

मी ताट सारलं. "माय, हिचा दोष नव्हता. माझा होता. पोटाच्या गोळ्यांनी मी बाद झालो होतो."

"मग तवा कामून बोलला न्हाईस?"

बायकोनं तव्यावरची भाकरी उलथली. "लाज त्येंची व्हती, आत्या. सोसायला मी व्हते की." मग जावेकडे वळून म्हणाली, "तू आदी नवऱ्याला इचार, कशाच्या गोळ्या खायलाय."

त्या दिवशी माझ्या ताटात भाकरी बायकोनं नाही, मायनं वाढली.