टाकीकाकांचं धुकं

आमच्या गावाची पाण्याची टाकी टेकडीवर आहे आणि तिचा व्हॉल्व्ह एकाच माणसाने उभा जन्म उघडला नि बंद केला. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. बाकी सगळे त्यांना टाकीकाका म्हणतात. पहाटे टेकडी चढायची, लोखंडी चाक फिरवायचं, पाइपातून पाणी घरघरत खाली निघालं की दरीकडे तोंड करून उभं राहायचं आणि ढग बघायचे, हा त्यांचा दिनक्रम. कधी नळाला उशिरा पाणी आलं की बायका रिकाम्या बादल्या वाजवत म्हणायच्या, "आज आकाशात काहीतरी खास असणार. नाहीतर बाबाला एवढी भूल पडायची नाही."

ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी यंत्र बसवलं. ते ठरल्या वेळी आपोआप व्हॉल्व्ह उघडतं, आकाशाकडे ढुंकूनही बघत नाही. काकांनी मात्र पहाटे टेकडी चढणं सोडलं नाही. निवृत्तीच्या पैशातून कॅमेरा घेतला, तीन पायांचा स्टँड घेतला आणि इतकी वर्षं फुकट बघितलेलं सगळं टिपायला लागले. दरीतून चालत येणारा पाऊस, गारा पडून गेल्यावरचं पिवळं ऊन, पलीकडच्या डोंगरावरची वीज. त्यांच्या एकाही फोटोत माणूस नसतो. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वर असतं कोण?"

पूर्वी असायचं कोणीतरी. काकू असेपर्यंत रोज थर्मासमध्ये चहा घेऊन मागोमाग वर यायच्या, धापा टाकत. "मेले ते ढग काय पळून चाललेत? चहा घ्या आधी." मग स्वतःच शेजारी उभ्या राहून बघत बसायच्या आणि चहा निवून जायचा. त्या गेल्या, त्याला आता चार वर्षं झाली. मुलगी लांबच्या शहरात नोकरीला. रविवारी तिचा फोन येतो. काकांच्या दोन खोल्यांत टेबलाला दोन खुर्च्या आहेत. एकीवर ते बसतात, दुसरीवर कॅमेऱ्याची बॅग असते. खिडकीपासून दारापर्यंत दोरी बांधली आहे, तिच्यावर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी ढग अडकवलेले असतात.

हे मला माहीत, कारण ते ढग मीच छापते. बाजारात माझं फोटोचं दुकान आहे. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन. माझी जीभ तिखट आहे असं गावात म्हणतात. म्हणणाऱ्यांनी दिवसभर लोकांना "हनुवटी खाली घ्या" सांगून बघावं, मग बोलावं.

यंदा थंडीच्या तोंडावर काका दुकानात आले ते हसतच. मुलीने नवीन घर घेतलं होतं. फोनवर म्हणाली होती, "बाबा, लहानपणी तुम्ही मला टाकीवर नेऊन धुकं दाखवलं होतं ना? दरीभर दूध सांडल्यासारखं? तसा फोटो द्या. हॉलमध्ये लावते." आता तेव्हा कॅमेरा कुठला असायला? तसा फोटोच नव्हता. पण पोरीने चार वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं, मग काय! काका रोज अंधारातच टेकडी चढायला लागले.

मी शटर वर करते ना करते तोच ते दारात हजर. कॅमेऱ्यातलं कार्ड द्यायचे. मी एक प्रिंट काढायची आणि तोच फोटो दुकानाच्या कॉम्प्युटरवरून मुलीला पाठवायचा. काकांचा फोन नुसता बोलण्यापुरता. "लिही, आजचं धुकं," ते सांगायचे. मी लिहायची. समोर झेरॉक्सला रांग, कोणाचा अर्ज, कोणाचा दाखला, आणि मी इकडे यांत्रिकपणे 'आजचं धुकं' टाइप करतेय. दुपारपर्यंत उत्तर यायचं, "मस्त धुकं बाबा!" शेजारी एक अंगठा. दुसऱ्या दिवशी मी ते वाचून दाखवायची. काका खूष व्हायचे, पण हातातला प्रिंट नाकाला लागेल इतका जवळ धरून बघायचे आणि पिशवीत सरकवून निघायचे.

एरवी मात्र त्यांच्या गप्पांना ऊत आला होता. "चष्मा सुटला बघ माझा! या वयात पेपर बिनचष्म्याने वाचतो." माझ्या गळ्यात दोरीने लोंबणाऱ्या चष्म्याकडे बघून ते हे मुद्दाम सांगायचे. दुसरी फुशारकी धुक्याची. "यंदाचं धुकं काही वेगळंच आहे. वारा सुटला तरी हलत नाही. नुसतं सूर्याकडे बघावं तर डोळे भरून धुकं, आणि पाठ फिरवली की विरतं. इतक्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं." मी म्हटलं, असेल बाई. बाजारात काही दिसत नव्हतं, पण दरीची गोष्ट वेगळी. शिवाय माझी सकाळ शटरपासून सुरू होते. त्याच्या आधी काय होतं ते मला विचारू नये.

एके दिवशी त्यांनी प्रिंटांचा गठ्ठाच काउंटरवर आपटला.

"तुझं मशीन बिघडलंय. धुकं येतच नाही यात."

मी चष्मा लावला. खरंच नव्हतं. दरी, पूल, विटांच्या भट्टीचं धुराडं, सगळं लख्ख. "मशीन कशाला धुकं खाईल, काका? कॅमेरा बघा तुमचा."

"कॅमेऱ्यात आहे. पोरीला दिसतं की! रोज लिहिते, मस्त धुकं. म्हणजे कॅमेऱ्यात आहे, तिच्या फोनवर जातंय, आणि तुझ्या कागदावर येत नाहीये."

या हिशेबात मला खोट सापडेना, त्यामुळे मी जास्तच चिडले. "नाचता येईना अंगण वाकडं! उद्या मीच येते वर. बघते तुमचं धुकं."

"ये ना. कोणी नको म्हटलंय?" काका म्हणाले. भांडणात आवाज चढायला हवा, तो त्यांचा एकदम उतरला.

दुसऱ्या दिवशी मी मफलर गुंडाळून, स्वतःला शिव्या घालत टेकडी चढले. काका आधीच स्टँड लावून उभे. पलीकडच्या डोंगरावरून सूर्य नुकताच वर आला होता. हवा इतकी स्वच्छ की खालच्या वस्तीत एका गच्चीवर वाळत घातलेलं लाल ब्लँकेट दिसत होतं. पुलावरून एक सायकलवाला चालला होता.

"बघ!" काका म्हणाले. "आता बोल."

मला वाटलं चेष्टा करतायत. "कुठे आहे?"

"कुठे काय? समोर! भट्टीचं धुराडं तरी दिसतंय का तुला?"

धुराड्याला आवळलेल्या लोखंडी पट्ट्यासुद्धा दिसत होत्या मला. मी त्यांच्याकडे वळून बघितलं. उन्हात त्यांचा चेहरा उजळला होता आणि डोळ्यांच्या बाहुल्यांत काहीतरी पांढुरकं होतं, पाण्यात चुना विरघळल्यासारखं. माझ्या आईचे डोळे मोतीबिंदू काढायच्या आधी असेच झाले होते.

"काका, जरा उन्हाकडे पाठ करा बरं."

ते वळले. "आता कमी झालं. म्हटलं ना तुला, पाठ फिरवली की..." आणि थांबले. काका खुळे नाहीत. त्यांनी आधी एका डोळ्यावर तळवा धरला, मग दुसऱ्या. पुन्हा सूर्याकडे वळले, पुन्हा मागे फिरले.

"आज धुकं नाहीये?"

"नाही काका."

"काल?"

"कालचा फोटो मी छापलाय. कालही नव्हतं."

ते स्टँड मिटायला लागले. एक पाय आत सरकेना. ते तो ढकलत राहिले, मीही मदतीला गेले नाही. मग खाली बघतच म्हणाले, "ही असती तर पहिल्याच दिवशी म्हणाली असती, डोळे फुटले का तुमचे?"

अर्धी टेकडी आम्ही उतरलो. मला वाटलं होतं, आता दवाखान्याचं विचारतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"मग पोरीला कुठलं धुकं दिसलं गं?"

मी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. मग मी म्हणाले, "मीच लिहीत होते ना, आजचं धुकं म्हणून? तेवढं वाचलं असेल."

"हं. गडबड असते तिला. ऑफिस, घर," काका म्हणाले. तिची बाजूही त्यांनाच मांडावी लागत होती. मला असा राग आला की दुकानात जाऊन तिला चांगली खरमरीत ओळ लिहावी. त्यांनी ते ओळखलं. "तिला काही कळवायचं नाही. डोळ्यांचंही नाही."

ऑपरेशनला मीच घेऊन गेले. "सोबत कोण आहे?" नर्सने विचारलं तेव्हा काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही. हिच्याशी माझं भांडण आहे." आधी एक डोळा झाला, महिन्याने दुसरा. पट्टी सुटल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय बघितलं असेल, तर माझ्या दुकानातल्या फळीवरची धूळ, आणि तसं मोठ्याने सांगितलंही. पेपर वाचायला त्यांना पुन्हा चष्मा लागला. तेवढ्यापुरता माझा जीव थंड झाला.

पण त्यांचा चेहरा उतरलेलाच असायचा. रोज सकाळी टेकडीवर जायचे आणि रिकामं कार्ड घेऊन यायचे. थंडी सरत आली, धुकं पडेना. मुलीला डोळ्यांचं सांगितलं नव्हतं, त्यामुळे तिला वाटलं असावं की बाबांची फोटोची हौस भागली. तिने विचारलं नाही. एकदा झेरॉक्सची रांग संपेपर्यंत ते बसून राहिले आणि म्हणाले, "आख्खा हिवाळा मी एकटाच होतो गं त्या धुक्यात." मी मशीनमध्ये कागद भरत राहिले.

मग थंडी संपता संपता एका सकाळी अंथरुणात असतानाच फोन वाजला.

"वर ये. आहे की नाही ते सांग."

मी खिडकी उघडली तर कठडासुद्धा दिसेना. "काका, माझ्या दारात आलंय धुकं. खरंच आहे."

"तरी ये."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. गेले. मी वर पोचले तर टाकी नाही, दरी नाही, माझेच हात मला अर्धे दिसतायत. "काका?" मी हाक मारली. "इकडे," धुक्यातून आवाज आला. त्या आवाजाच्या रोखाने गेले तेव्हा ते दिसले, ओल्या कोटात, कॅमेऱ्यावर रुमाल धरून.

"आहे?"

"आहे."

"नक्की?"

"अहो, तुम्हीच दिसत नव्हता मला! अजून काय पाहिजे?"

ते हसले. कितीतरी दिवसांनी. मी शेजारी उभी राहिले आणि त्यांनी फोटो काढले. मधे क्षणभर खालचा पडदा पातळ झाला आणि धुराडं पुसट दिसलं, पेन्सिलीने हलकी रेघ ओढावी तसं. तोच फोटो त्यांनी निवडला.

दुकानात आल्यावर सवयीने माझी बोटं 'आजचं' लिहून मोकळी झाली. काकांनी कीबोर्डवर हात ठेवला.

"काही लिहू नकोस. नुसता फोटो पाठव."

न सांगता तिला काय दिसतं, ते त्यांना बघायचं होतं, हे मला कळलं. मी अक्षरं पुसली आणि फोटो पाठवला. एरवी लगेच जाणारे काका त्या दिवशी पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर बसले. गिऱ्हाईक आलं की उठायचे, गेलं की पुन्हा बसायचे. दुपार झाली. मी डबा उघडला, त्यांना अर्धा दिला, त्यांनी खाल्ला नाही. मनातल्या मनात मी त्या पोरीला म्हणत होते, बाई गं, अंगठा तेवढा पाठवू नकोस.

उन्हं कलल्यावर कॉम्प्युटर टिंग वाजला. मी मोठ्याने वाचलं. "बाबा, फोटो नीट आला नाही वाटतं. नुसतं पांढरं दिसतंय. मधे एक बारीक रेघ आहे. काय आहे ते?"

माझं डोकंच फिरलं. "अहो, एवढं टेकडीवर कडमडून खरं धुकं पाठवलं, आणि हिला ते कळलंसुद्धा नाही!"

काकांनी खिशातून चष्मा काढून लावला. स्क्रीनपाशी आले आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवत स्वतः वाचलं. बोट 'रेघ' पाशी थांबलं.

"रेघ दिसली तिला," ते म्हणाले. "एवढीशी आहे ती. बघितलं तिने."

डोळे चोळायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यामुळे ते तसेच उभे राहिले आणि पाणी गालावरून कोटावर उतरलं. दारात दोघं-तिघं गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी त्यांना हातानेच थांबा म्हटलं.

"लिही," काका म्हणाले. "ते धुराडं आहे म्हणावं. आणि विचार तिला, अजून काय काय दिसतंय."