चादरींची अमेरिका

शारजातल्या अबू शगारा भागात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाल्कनीत वर्षातून एकदा अमेरिका वाळत पडायची. हिरवी लुइझियाना एवढी मोठी होती की ती दोन दुहेरी चादरी जोडून शिवावी लागली होती. फ्लोरिडा म्हणजे उशीचा पिवळा अभ्रा. टेक्सासवर नारिंगी फुलं होती, कारण रोला बाजारातल्या दुकानात त्या दिवशी साधं नारिंगी कापड नव्हतं. ओरेगनला निळं कापड आणि मेक्सिकोकडून घेतलेल्या मुलखाला तपकिरी. समोरच्या इमारतीतल्या मल्याळी बाईला वाटायचं, शिरगावकरांकडे पाहुणे येऊन गेले.

सुमेधा शिरगावकर मूळची कोल्हापूरची. एम.ए. इतिहास, विषय मराठेशाही. नवरा अरुण देवगडजवळच्या शिरगावचा, शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका अ‍ॅल्युमिनियमच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. लग्न होऊन ती १९८३ साली इथे आली, पुढच्या वर्षी वेदांग झाला, आणि तो दहा वर्षांचा असताना तिला अमेरिकन अभ्यासक्रमाच्या एका खासगी शाळेत नोकरी लागली. इंग्रजी शिकवायला म्हणून घेतलं होतं. आठवीला अमेरिकेचा इतिहास शिकवणारी बाई अर्ध्या वर्षात कॅनडाला निघून गेली, तेव्हा मुख्याध्यापकांनी दोन किलो वजनाचं पुस्तक सुमेधाच्या हातात ठेवलं. ‘यू आर हिस्टरी, नो?’ एवढंच ते म्हणाले.

डिसेंबरची सुट्टी तिने त्या पुस्तकात घालवली. तेरा वसाहतींचं नवं प्रजासत्ताक साठ-सत्तर वर्षांत एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत कसं पोचलं, ते वाचताना तिला फारसं परकं काही वाटलं नाही. कुठे विकत घेतलं, कुठे तह केला, कुठे लढाई, कुठे आधी माणसं जाऊन राहिली आणि मागून झेंडा गेला. लुइझियानाचं प्रकरण तिचं विशेष आवडतं. एका सहीने देश दुप्पट, बंदूक न उडवता. जेवताना ती अरुणला सांगत बसायची. हा सगळा मुलूख देवानेच आपल्याला नेमून दिलाय अशी त्या लोकांची श्रद्धा होती, असं तिने सांगितलं तेव्हा अरुण भात कालवत म्हणाला, “म्हणजे बांध कोरणं. आमच्या शेजारचे राणे दरवर्षी वीतभर कोरतात. फक्त ते देवाचं नाव घेत नाहीत.”

“राण्यांनी राज्यघटना लिहिली नाही,” सुमेधा म्हणाली.

“वेळ मिळाला नसेल.”

वर्गातल्या मुलांना मात्र त्या नकाशात रस नव्हता. इजिप्शियन, पाकिस्तानी, लेबनीज, मल्याळी, दोन-तीन मराठी. अमेरिका त्यांच्यासाठी टीव्हीवर होती आणि पुढे कधीतरी जायची जागा होती. म्हणून तिने चादरी आणल्या. मार्चमध्ये शाळेच्या हॉलची जमीन मोकळी करायची. एका कडेला तेरा राज्यांची पांढरी चादर. त्यावर मुलं दाटीवाटीने उभी. ती साल पुकारणार, चौघं चादर उलगडणार, आणि पांढऱ्यावरची मुलं धावत नव्या रंगावर जाणार. १८०३, हिरवी. १८१९, पिवळी. मुलं आरडाओरडा करत, एकमेकांना ढकलत पुढे सरकायची. पालक टाळ्या वाजवायचे.

एक गट मात्र वेगळ्या वाटेने चालायचा. आग्नेयेच्या कोपऱ्यात चटईच्या तुकड्यावर चौघं बसलेली असत. ते चेरोकी. त्यांनी स्वतःची लिपी केली, वर्तमानपत्र काढलं, शेती केली, सरकारविरुद्धचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून मिळवला, आणि तरीही १८३८ मध्ये सैनिकांनी त्यांना घराबाहेर काढून पश्चिमेला ओक्लाहोमापर्यंत चालायला लावलं. वाटेत चौघांतला एक मेला, असा साधारण हिशेब. म्हणून सुमेधाच्या खेळात चौघं उठत, हॉलच्या एका दाराने बाहेर पडत, व्हरांड्यातून वळसा घालून दुसऱ्या दाराने येत आणि ओक्लाहोमाच्या चौकोनावर बसत. येताना तीनच येत. चौथ्याने व्हरांड्यातच बसून राहायचं.

ते काम कुणालाच नको असायचं. बाहेर जाताना मुलं मित्रांकडे वळून हसायची, त्यामुळे सुमेधाने सूचना ठरवून टाकली होती: मान वर, आणि मागे वळून बघायचं नाही. मागे बघितलं की खेळ बिघडतो.

१९९८ साली वेदांग तिच्या वर्गात होता. स्टाफच्या मुलांना फीमध्ये सवलत मिळायची आणि त्याबरोबर सगळ्यांची नजरही. शाळेत तिला ‘आई’ म्हणायचं नाही, ‘मिस’ म्हणायचं, हा नियम तिने पहिल्याच दिवशी घालून दिला होता. स्वतःच्या मुलाला सैनिक किंवा अध्यक्ष केलं असतं तर स्टाफरूममध्ये बोललं गेलं असतं. तिने त्याला चौथा चेरोकी केलं.

“दे वन द केस,” वेदांग सरावाच्या वेळी म्हणाला. “देन व्हाय डिड दे गो, मिस?”

“कारण निकाल अमलात आणायला कुणी आलं नाही. पाठ्यपुस्तक, पान एकशे चाळीस.”

“अँड व्हेअर डू आय स्टॉप?”

“व्हरांड्यात. पाण्याच्या कूलरपाशी.”

तो मान वर करून गेला, मागे न बघता. खेळ उत्तम झाला. कॅलिफोर्नियाची तपकिरी चादर पसरताच पहिल्या रांगेतले पालक उभे राहिले. मुख्याध्यापकांनी सुमेधाला बोलावून एका पाहुण्यांशी ओळख करून दिली, फोटो झाले, चहा झाला. चादरींच्या घड्या करताना ओक्लाहोमाचा चौकोन हातात आला तेव्हा तिला आठवलं. वेदांग कूलरपाशी भिंतीला टेकून बसला होता.

“इज इट ओव्हर?” त्याने विचारलं.

त्यावर घरात बरेच दिवस थट्टा चालली. “तुझ्या आईने आख्खी अमेरिका जिंकली आणि तुला पॅसेजमध्ये विसरली,” अरुण म्हणायचा. वेदांगही हसायचा. आईशी भांडण झालं की घरातसुद्धा तो तिला ‘मिस’ म्हणायला लागला तो तेव्हापासून.

पुस्तकांत त्याचं मन रमत नव्हतं. शुक्रवारी शाळेला सुट्टी, तेव्हा तो वडिलांबरोबर वर्कशॉपला जायचा. तिथे दगडू नावाचा साताऱ्याकडचा फिटर होता. त्याच्या हाताखाली वेदांग खिडकीची चौकट कापायला, कोपरा जुळवायला, रबर बसवायला शिकला. दगडूशी तो हिंदीत बोलायचा, घरी इंग्रजीत. सुमेधा मराठीत विचारायची, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. “एक वाक्य तरी मराठीत बोल रे,” ती म्हणायची. “यल्ला, आई, भूक,” तो म्हणायचा; त्यातही ‘चल’ला अरबी शब्द. त्याची जन्मभूमी शारजा, त्याचा क्रिकेटचा संघ शारजातल्या पार्किंगचा, त्याची मित्रमंडळी तिथलीच. देवगडला सुट्टीत गेला की तिसऱ्या दिवशी विचारायचा, “व्हेन आर वी गोइंग होम?”

२००२ च्या जूनमध्ये तो बारावी झाला. अठरा पूर्ण होऊन चार महिने झाले होते. ऑगस्टमध्ये त्याचा व्हिसा संपत होता. अरुणच्या कंपनीत सरकारी कामं बघणारे विजयकुमार होते. ते एका संध्याकाळी घरी आले, चहा घेतला आणि हिंदीत समजावलं: मुलगा मोठा झाला, शाळाही संपली, आता बापाच्या व्हिसावर राहता येणार नाही. इथल्या मान्य कॉलेजात प्रवेश दाखवा, नाहीतर नोकरीचा व्हिसा करा. दोन्ही नसेल तर खलास.

इथलं कॉलेज त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. अरुणने मालकाला विचारलं. मालक सिंधी, बरा माणूस. म्हणाला, अरे, मुलगा आपलाच आहे, मी व्हिसा काढतो. फक्त माझ्याकडे आत्ता हेल्परचीच जागा आहे. नंतर बदलू, इन्शाल्ला.

वेदांगने ते ऐकलं आणि उठून वडिलांना मिठी मारली. अशी सवय त्या घरात नव्हती. अरुण बावरला.

“नाही,” सुमेधा म्हणाली.

“अगं, कागदावर हेल्पर,” अरुण म्हणाला. “काम तो फॅब्रिकेशनचं करेल. त्याला येतं, आवडतं.”

“पासपोर्टात शिक्का बसेल. हेल्पर. तो शिक्का जन्मभर वाचला जाईल. मी कशासाठी शिकवते मग? दुसऱ्यांची मुलं अमेरिकेला जातात आणि माझा मुलगा दगडूच्या हाताखाली?”

“दगडूदादा इज गुड,” वेदांग म्हणाला.

“दगडूदादाला विचार, त्याने स्वतःच्या मुलाला इथे आणलंय का ते.”

हे खरं होतं; दगडूने मुलाला साताऱ्यातल्या कॉलेजात ठेवलं होतं. पुण्यात अनिवासी भारतीयांच्या कोट्यातून अभियांत्रिकीला प्रवेश मिळत होता. सुमेधाने चार वर्षं आणि त्यानंतर अमेरिका, असा पुढचा सगळा मार्ग आखून ठेवला होता. जेवणाच्या टेबलावर तिने तो समजावून सांगितला. वर्गात सांगायची तसाच, टप्प्याटप्प्याने. पदवी असेल तर तू हवा तेव्हा इथे इंजिनियर म्हणून परत येशील, असंही ती म्हणाली. तिचा त्यावर विश्वास होता.

शिक्षणाच्या बाबतीत त्या घरात सुमेधाचा शब्द शेवटचा होता. अरुण स्वतः आयटीआयचा.

“व्हेअर डू आय स्टॉप, मिस?” वेदांगने विचारलं.

सुमेधा खरकटी ताटं उचलत होती. तिला वाटलं, तो कॉलेजबद्दल विचारतोय. “पुण्यात हॉस्टेल आहे,” ती म्हणाली.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा व्हिसा रद्द झाला. विमानतळावर दगडू आला होता, हाताने केलेली अ‍ॅल्युमिनियमची छोटी फ्रेम घेऊन. आत फोटो नव्हता. “साहेब, फोटो तुम्ही घाला,” तो वेदांगला म्हणाला. वेदांगने त्याला मिठी मारली, वडिलांना मारली, आईच्या पाया पडला. मग बॅग ढकलत तो पासपोर्टच्या रांगेकडे गेला. काचेच्या दारापाशी माणसं थबकतात, वळतात, हात हलवतात. सगळेच तसं करत होते. सुमेधाने हात वर करून ठेवला होता.

तो मान वर ठेवून चालत गेला. वळला नाही.

“राग आलाय पोराला,” अरुण म्हणाला. “पोचला की फोन करेल.”

सुमेधाने हात खाली घेतला. राग नव्हता, हे तिला ठाऊक होतं. ती चाल तिने स्वतःच बसवून दिली होती.

पुण्यात वेदांगचे विषय राहत गेले. पहिल्या वर्षी दोन, पुढे आणखी. त्या दोन वर्षांत तो एकदाच शारजाला आला, व्हिजिट व्हिसावर. जन्मला त्या गावात शिरायला त्याला पाहुण्यांच्या रांगेत उभं राहावं लागलं. घरी आल्यावर फ्रीज उघडण्याआधी त्याने विचारलं, “मे आय?” सुमेधाने तेव्हा ते हसण्यावारी नेलं.

२००४ च्या फेब्रुवारीत अरुणच्या मालकाने दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये नवा कारखाना काढला. जागा बऱ्याच होत्या. त्याने स्वतःहून वेदांगचं विचारलं. या वेळी अरुणने नाही, सुमेधानेच फोन लावला.

“वेदांग, कॉलेज राहू दे,” ती म्हणाली. “परत ये. पद काय लिहितील ते मी विचारलंसुद्धा नाही. हेल्पर तर हेल्पर. तू घरी ये.”

पलीकडे रस्त्याचा आवाज येत होता. ती इंग्रजी उत्तराची वाट बघत होती.

“नको गं आई,” तो म्हणाला. स्वच्छ मराठीत, पुण्याच्या मुलांसारखं. “मी एका फॅब्रिकेशनवाल्याकडे कामाला लागलोय, भोसरीला. बरं चाललंय. आता इथली सवय झालीये. तिकडे येऊन पुन्हा कधीतरी निघायचंच ना? ते मला परत जमणार नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस.”

वीस वर्षं तिने त्याच्या तोंडून अशी सलग मराठी वाक्यं ऐकायची वाट बघितली होती. फोन ठेवल्यावर अरुणने विचारलं, “काय म्हणाला?”

“मराठी छान बोलायला लागलाय,” ती म्हणाली.

मार्चमध्ये खेळ नेहमीप्रमाणे झाला. लुइझियानाचा हिरवा रंग धुवून धुवून फिका पडला होता. सुमेधाने सालं पुकारली, मुलं ओरडत पुढे सरकली. १८३८ ला चौघं उठली, दाराबाहेर गेली, तीन परत आली. टाळ्या पडल्या. यानंतर टेक्सास, मग ओरेगन, मग तपकिरी चादर. मुलं टेक्सासचे कोपरे धरून, ती साल पुकारेल म्हणून तिच्या तोंडाकडे बघत होती.

ती हॉलच्या मधोमध, लुइझियानावरून चपलांसकट चालत बाहेर व्हरांड्यात गेली.

कूलरपाशी सोनम नावाची एक मुलगी भिंतीला टेकून चिप्स खात बसली होती. बाईंना बघून तिने पाकीट मागे लपवलं.

“खलास, मिस?”

“आत चल,” सुमेधा म्हणाली.

“बट मिस, आय अ‍ॅम डेड.”

सुमेधाने तिचा हात धरला होता, पण ओढला नाही. थोड्या वेळाने तीही तिच्या शेजारी जमिनीवर बसली. हॉलमधून मुख्याध्यापकांची हाक आली, मग मुलांची कुजबुज, आणि मग कुणीतरी कंटाळून स्वतःच साल पुकारलं. चादरी उलगडल्याचा फडफडाट झाला आणि धावणाऱ्या पावलांचा आवाज, पश्चिमेकडे.