त्या कार्डावर काय लिहिलं होतं

नव्वद सालाच्या आसपास मी पनवेलबाहेरच्या एका औषध कारखान्यात टायपिस्ट होते. नवीन कामगारांची भरती असली की कंपनीचे डॉक्टर यायचे. ते तपासायचे आणि मी शेजारी बसून प्रत्येकाचं कार्ड भरायची. ती कार्डं ज्या लोखंडी कपाटात राहायची त्याची किल्ली माझ्याकडे होती.

अशाच एका भरतीत ती आली. माहेर जवळच्या ओवे गावचं, कोन गावात दिलेली, पदरात लहान मुलगी. पॅकिंग खात्यात लागणार होती. डॉक्टरांनी विचारलं, "काही आजार? खरं सांगा." ती हळू आवाजात म्हणाली, "लहानपणी फिट यायची. आता गोळी घेते, तर येत नाय." डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, "पॅकिंगला चालेल. लिहा." मी लिहिलं. जाताना ती माझ्या टेबलाशी थांबली.

"ताई, ह्ये घरी कळणार नाय ना? सासरी मी रगत कमी हाय म्हणून गोळ्या सांगितल्यात."

"कोणाला कळणार? हे कपाटात राहतं," मी म्हणाले. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

दोन वर्षांनी मालाची मागणी घटली. मॅनेजरांनी मला बोलावून सांगितलं, "ज्यांच्या कार्डावर आजार आहे, त्यांची यादी करा." कशासाठी, हे मी विचारलं नाही. कपाट उघडलं, कार्डं चाळली, आणि पाच नावं टाइप करून दिली. तिचं तिसरं होतं. आठवड्याभरात पाचही जणींना पत्रं गेली. भरतीच्या वेळी गंभीर आजार लपवल्याबद्दल कामावरून कमी करण्यात येत आहे, असं त्यांत लिहिलं होतं. ती पत्रंही मीच टाइप केली होती. 'लपवल्याबद्दल' हा शब्द खोटा आहे हे मला माहीत होतं, तरी मी तो टाइप केला. घरी वडिलांची गिरणीतली नोकरी सुटलेली होती आणि घर माझ्या पगारावर चालत होतं.

चार जणी गप्प बसल्या. तिचा नवरा बसला नाही. तो रेतीच्या ट्रकवर होता, तापट माणूस, पण बायकोवर त्याचा जीव होता. "माझ्या बायकोला कसलाच आजार नाय, कंपनी खोटं बोलतेय," असं म्हणत तो युनियनकडे गेला आणि ठाण्याच्या लेबर कोर्टात केस उभी राहिली. तिला ती नकोच होती. पण नको कशी म्हणणार? नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. कोर्टाचे कागद इंग्रजीत होते. नवऱ्याला ते वाचता येत नव्हते. प्रत्येक तारखेला तो ट्रक सोडून तिच्याबरोबर एस.टी.ने ठाण्याला जायचा.

कंपनीने कोर्टात सांगितलं, की तिने आजार सांगितल्याचं कुठलं कार्डच नाही. मी कपाटात पाहिलं. खरोखरच ते कार्ड नव्हतं; कपाटाची दुसरी किल्ली मॅनेजरांकडे असायची. मग युनियनच्या वकिलांनी मला साक्षीला बोलावणं पाठवलं.

तारखेच्या आदल्या रविवारी ती आमच्या घरी आली. आईने चहा ठेवला, तो तिने घेतला नाही.

"ताई, खरं ते सांगा. मी डाक्टरला सांगितलं होतं, येवढंच सांगा. पण आजाराचं नाव घेऊ नका. आमचे हे मागं बसलेले असतात."

मी तिला शब्द दिला.

कोर्टाची खोली लहान होती. बाकं भरलेली, वर पंखा करकरत होता. मी सांगितलं, की भरतीच्या दिवशी मी तिथे होते, बाईंनी आजार सांगितला होता आणि तो मी माझ्या हाताने लिहिला. युनियनच्या वकिलांचा चेहरा खुलला. मग कंपनीचे वकील उठले.

"कोणता आजार लिहिला होता?"

"आजाराची नोंद होती."

"नाव सांगा."

मी न्यायाधीशांकडे पाहिलं. "साहेब, हे सांगायलाच हवं का? ही त्यांची खाजगी बाब आहे."

वकील हसले. "साहेब, साक्षीदाराला आजाराचं नाव आठवत नाही, याचा अर्थ असं कार्ड कधी नव्हतंच."

"प्रश्नाचं उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले.

हल्ली पेपरात माणसाची माहिती जपण्याच्या नव्या कायद्यांबद्दल येतं, तेव्हा मला ती खोली दिसते. त्या दिवशी तो प्रश्न अडवेल असा कोणताच कायदा मला माहीत नव्हता. मी गप्प राहिले असते तर तिची नोकरी परत मिळाली नसती. मी बोलले. "फिट येण्याचा."

मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिलं नाही.

बाहेर आले तेव्हा ते दोघं जिन्यापाशी उभे होते. तो ओरडत नव्हता. "आठ वर्षं," तो म्हणत होता. "आठ वर्षं मी सोता त्या गोळ्या आणून देत होतो. रगताच्या म्हणून." ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. तो एकटाच जिना उतरून गेला.

साक्षीनंतर माझी बदली गेटवर झाली, हजेरी लिहायला. वर्षभराने निकाल लागला. ती जिंकली. कंपनीला तिला परत घ्यावं लागलं. ती आली ती ओव्याहून, माहेराहून. मुलगी सासरच्यांनी ठेवून घेतली होती. सकाळी गेटवर मी तिचं नाव लिहायची. ती सही करायची आणि आत जायची. एकदा मी म्हणाले, "मला माफ करा." ती थबकली. "तुमी काय करणार होता?" म्हणाली. त्या बोलण्यात राग नव्हता, माफीही नव्हती.

पुढे दीडेक वर्षाने कारखान्याला टाळं लागलं. मी पनवेलच्या एका शाळेत लागले. शेवटची ती मला बाजारात दिसली, समोर पालेभाजी मांडून बसलेली. मुलीची चौकशी केली.

"येते. सुट्टीला येते, दोन दिस," ती म्हणाली. मग माझ्या पिशवीत माठाची जुडी टाकली आणि माझ्या मागे उभ्या गिऱ्हाइकाला विचारलं, "काय देऊ?"