आईने मागितलेला दगड

आई मंगळवारी गेली. आज फडताळात तिने वाळवलेल्या केळ्यांची, सुकेळीची पुडी सापडली. वाळलेल्या केळीच्या पानाचा वास आला आणि गंडीकोटा आठवलं.

सहा वर्षांपूर्वी आंध्रातली ती रखरखीत दरी पाहायला मी आगाशीहून एकटाच गाडीने निघालो, तेव्हा तिने अशीच पुडी दिली होती.

"एवढ्या लांब दगड बघायला? मीपण येते."

"आई, तंबूत झोपायचंय. तुझे गुडघे?"

"बरं बाबा, मग एक दगड तरी आण."

दरीच्या काठावर तंबू ठोकून मी सुकेळी खाल्ली. तंबूत दोघांपुरती जागा होती. सकाळी खाली उतरून मुठीएवढा तांबडा दगड उचलला.

तेव्हापासून दर वर्षी उन्हात केळी वाळवताना ती वरचं फडकं उडू नये म्हणून तो दगड त्यावर ठेवायची.

आता दगड माझ्याकडे आहे. सुकेळी मला करता येत नाही.